अ‍ॅशट्रे कोणी उचलायचे? एका परमिट रूममधल्या सिगरेटबंदीचं प्रकरण

हॉटेल लाइनमध्ये मला बरीच वर्षं झाली, आधी वेटर, मग कॅप्टन (म्हणजे वेटरांवरचा माणूस), मग मॅनेजर. हे प्रकरण २०१८ सालचं आहे, मी मॅनेजर होतो तेव्हाचं, मुंबईच्या पुढे मध्य रेल्वेच्या पट्ट्यातल्या एका परमिट रूममधलं. हॉटेलचं नाव, गाव, माणसांची नावं सगळं काढून टाकलंय आणि ओळख पटेल अशा एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात. लिहायचं कारण एवढंच की हॉटेलातल्या सिगरेटबंदीबद्दल जेव्हा बोलणं निघतं तेव्हा ते गिऱ्हाईक काय म्हणेल आणि मालकाचा धंदा किती बसेल यावरच फिरत राहतं, दोघांच्या मधे ट्रे घेऊन जो उभा असतो त्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्याची किंमत एका पोराने मोजली.

जागा आणि माणसं

खाली नॉन-एसी फॅमिली सेक्शन, जिना चढून वर एसी परमिट रूम, ११ टेबलं. वरच्या मजल्याच्या मागच्या कोपऱ्यात काचेचं पार्टिशन टाकून ४ टेबलांची वेगळी खोली केलेली, बाहेर पाटी 'स्मोकिंग झोन'. आम्ही तिला काचघर म्हणायचो. मालक उडुपीकडचे, त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. खाली-वर मिळून सफाईची मावशी सोडून १८ जणांचा स्टाफ. मावशी कॉन्ट्रॅक्टवर होती म्हणून तिला स्टाफमध्ये धरत नव्हते, ही गोष्ट पुढे येणार आहे.

काचघराचं स्टेशन, म्हणजे तिथली टेबलं सांभाळायचं काम, मामांकडे. मामा म्हणजे सगळ्यात जुने वेटर, साताऱ्याकडचे, अण्णांच्या वडिलांच्या काळापासूनचे. बारवर कोकणातला एक जण, त्याच्या घरात माळ, स्वतः ना दारू ना सिगरेट, पण हात असा साफ की पेग मोजताना कधी थेंब इकडचा तिकडे नाही. वेटरमध्ये सगळ्यात लहान एक ओडिशाचा पोरगा, २१ वर्षांचा, त्याला आम्ही छोटू म्हणायचो (आता असं म्हणावंसं वाटत नाही, पण तेव्हा म्हणायचो).

काचघर नावालाच वेगळं होतं. दरवाजाला आपोआप बंद होणारा क्लोजर बसवलेला, तो पहिल्याच महिन्यात काढला, कारण दोन्ही हातात ट्रे आणि सोड्याच्या बाटल्या घेऊन आलेला वेटर दरवाजा उघडणार कसा? मग दरवाजाला बिअरचा रिकामा क्रेट लावून तो कायम उघडा. एक्झॉस्ट होता, पण तो मागच्या पॅसेजमध्ये हवा फेकायचा आणि पॅसेजमधून ती फिरून बार काउंटरवरच यायची. रात्री साडेदहाला वर गेलं की ट्यूबलाइटभोवती निळसर थर दिसायचा. मला ते रोजचंच होतं, शर्टाला वास येतो एवढंच काय ते वाटायचं.

कायद्यात काय होतं

सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करा असा आदेश सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला, मुंबईच्याच मुरली देवरांच्या याचिकेवर. मग २००३ चा केंद्राचा तंबाखू कायदा आला आणि सार्वजनिक जागांचे नवे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. गांधी जयंती, म्हणजे आमच्याकडे ड्राय डे, त्यामुळे बंदीच्या पहिल्या दिवशी राज्यातले परमिट रूम बंदच होते. या नियमांत बार, पब, डिस्कोथेक आणि कामाच्या जागा ही नावं सरळ घातलेली आहेत. ३० किंवा जास्त माणसं बसतील अशा रेस्टॉरंटला वेगळी स्मोकिंगची जागा ठेवता येते, पण चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती पाहिजेत, दरवाजा आपोआप बंद होणारा पाहिजे, आतली हवा थेट बाहेर गेली पाहिजे, परत आतल्या हवेत मिसळता कामा नये. जिथे बंदी आहे तिथे अ‍ॅशट्रे, काडेपेटी, लायटर द्यायचा नाही. सिगरेट पिणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड, आणि तक्रार आल्यावरही मालक-मॅनेजरने काही केलं नाही तर जितके जण पीत होते तितका दंड त्याच्यावर.

आमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची ठरली ती २०१७ ची दुरुस्ती. स्मोकिंगच्या जागेत कुठलीही सर्व्हिस द्यायची नाही असं तिने सांगितलं. म्हणजे खोली ठेवा, पण तिथे दारू नाही, चखणा नाही, वेटर नाही. आमचं काचघर तर चाललंच होतं सर्व्हिसवर, सगळ्यात मोठी बिलं तिथलीच.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबांना आग लागली, १४ जण गेले, हुक्क्याच्या निखाऱ्याचं नाव पुढे आलं. पुढच्या वर्षी राज्याने हुक्का पार्लरवर बंदी घालणारी कायद्यातली दुरुस्तीही केली. आगीनंतर जानेवारीत सगळीकडे तपासण्या सुरू झाल्या, आमच्याकडेही माणसं येऊन गेली, मुख्य बघितलं ते गॅस सिलिंडर आणि जिना, पण जाता जाता एकाने काचघराकडे बघून 'हे काय आहे?' एवढं विचारलं. अण्णा घाबरले. तिथून सुरुवात.

पहिला प्रयत्न, जो फसला

अण्णांनी मला बोलावून सांगितलं, उद्यापासून सिगरेट बंद कर. मी शुक्रवारी दुपारी स्टाफला उभं केलं आणि तेच सांगितलं. फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार, महिन्याचा पगार हातात आलेला, वीकएंड तोंडावर. याच्याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे' असा ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड आणला. नियमाप्रमाणे त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लिहावं लागतं. अण्णा म्हणाले कॅप्टनचं टाक. मी टाकलं. कॅप्टनने बोर्ड बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, नाव माझं आणि हॉटेल अण्णांचं, मग मार कोणी खायचा?" मी त्याला म्हटलं अरे फॉर्मॅलिटी आहे.

स्टाफचं मत काय ते त्या मीटिंगमध्ये एका वाक्यात आलं होतं, मला कळलं नाही एवढंच. मागून कोणीतरी म्हणालं, "साब, कस्टमर को बोलेगा कौन?" मी म्हटलं ज्याचं टेबल तो बोलेल.

आठव्या दिवशी, शनिवारी रात्री, काचघराच्या बाहेरच्या टेबलावर सहा जणांचा ग्रुप, रोजच्यातले, वाढदिवस होता. एकाने सिगरेट पेटवली. टेबल छोटूचं. त्याने जाऊन सांगितलं, सर प्लीज बाहेर. त्यांनी हसून सोडलं. दहा मिनिटांनी परत पेटवली, हा परत गेला. तिसऱ्या वेळी त्यातल्या एकाने त्याची कॉलर धरून ढकललं, हा टेबलावर पडला, ग्लास फुटला, भुवईच्या वर काच लागली. तीन टाके.

मी काउंटरला होतो. धावत गेलो, त्याला बाजूला घेतलं, टॉवेल लावला आणि ग्रुपला म्हणालो, सॉरी सर. त्यांना सॉरी म्हणालो. पोलीस कम्प्लेंट झाली नाही, अण्णा म्हणाले रोजचं गिऱ्हाईक आहे, वरून कोणाचा फोन येईल. चार दिवसांनी पोरगा हिशोब घेऊन गेला, मीच त्याला पैसे मोजून दिले. तो काही बोलला नाही. सोमवारी अ‍ॅशट्रे परत टेबलांवर आले. ठेवा म्हणून कोणी ऑर्डर दिली नव्हती, आपोआपच आले आणि मीही काही बोललो नाही.

यानंतर वेटर लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलं, सिगरेटबंदी म्हणजे आपल्याला मार. कोणी विचारलं तर प्रत्येक जण सांगायचा, चालू राहू दे, आम्हाला काही त्रास नाही. हे ऐकून अण्णांनाही बरं वाटायचं. स्टाफलाच नको आहे, मग कोणासाठी करायचं?

बारमनचा खोकला

बारमनला हिवाळ्यापासून खोकला होता. एप्रिलपर्यंत गेला नाही, उलट रात्री घरी गेल्यावर छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. कामगार विम्याच्या (ईएसआयसी) डॉक्टरांकडे गेला, त्यांनी पहिलं विचारलं, किती वर्षं सिगरेट पिताय? तो म्हणाला, कधीच नाही. डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही, परत विचारलं. मग काम काय करता विचारलं, आणि सांगितल्यावर म्हणाले, मग तुम्ही रोज सात-आठ तास दुसऱ्याची पिताय. त्याने येऊन हे मला सांगितलं तेव्हा त्याला जास्त लागलं होतं ते आजारापेक्षा डॉक्टरने खोटारडं समजल्याचं. माळकऱ्याच्या घरातला माणूस तो, बारमध्ये नोकरी करतो हेच त्याने गावी नीट सांगितलेलं नव्हतं.

जूनमध्ये तो म्हणाला मला खाली द्या, नाहीतर मी सोडतो. खाली बार नाही, म्हणजे सोडणारच. तेव्हा मी पहिल्यांदा या विषयावर थोडं वाचायला बसलो. आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पबसकट सगळ्या कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, देशभर अशी बंदी करणारा तो पहिला देश, आणि तिकडे वाद घालताना मुख्य मुद्दाच हा होता की पबमध्ये काम करणाऱ्याला बाकी कामगारांइतकीच स्वच्छ हवा पाहिजे. आपल्याकडे बोर्डावर गिऱ्हाइकाशी बोलतात, आत काम करणाऱ्याचा त्यावर उल्लेख नसतो. दुसरं सापडलं ते सॅन फ्रान्सिस्कोचं. कॅलिफोर्नियात १९९८ च्या जानेवारीत बारमध्ये बंदी आली, तिथल्या ५३ बारटेंडरना डॉक्टरांनी बंदीच्या आधी आणि नंतर तपासलं. आधी ३९ जणांना खोकला, दम, शिट्टी असले त्रास होते, बंदीनंतर थोड्याच आठवड्यांत त्यातल्या २३ जणांचे त्रास थांबले. हे वाचून मी सरळ फोटो काढून अण्णांना पाठवला. ते म्हणाले, अमेरिकेचं सांगू नको, आपल्या पोरांना विचार.

पोरांना विचारलं तर

म्हणून विचारलं. आधी नेहमीसारखं, सगळ्यांसमोर, अण्णा खुर्चीत बसलेले. बंदी पाहिजे त्यांनी हात वर करा. तीन हात. एक बारमनचा, दोन किचनमधले.

मला ते पटलं नाही, कारण यातले चार-पाच जण तरी क्लोजिंगच्या वेळी डोळे चोळत शिव्या घालायचे हे मी रोज ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी अण्णा नसताना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहू नका, काय वाटतं ते लिहा, कुठल्याही भाषेत. १८ चिठ्ठ्या आल्या. पाच जणांनी लिहिलं चालू राहू दे. चार जणांनी बंद करा. दोन कोऱ्या. एकावर फक्त एवढंच, 'टिपचं काय?' आणि सहा चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या शब्दांत, मराठी-हिंदीत, एकच होतं, बंद करा पण गिऱ्हाइकाला आम्ही सांगणार नाही.

या सहा चिठ्ठ्या मी खूप वेळ हातात धरून बसलो होतो. फेब्रुवारीत हे विचारलं असतं तर तो पोरगा आमच्याकडेच असता.

'चालू राहू दे' वाल्यांशीही मग एकेकट्याने बोललो, चहाला बाहेर नेऊन, आणि तिथे जे कळलं ते मी स्वतः वेटर असताना केलेलं होतं तरी विसरलो होतो. गिऱ्हाईक म्हणतं, एक पाकीट आण रे. वेटर खाली टपरीवर जातो, टपरीवाला त्याला बांधलेला असतो, पाकिटामागे काहीतरी सुटतं, वरचे सुट्टे गिऱ्हाईक घेत नाही. सुटी सिगरेट आणली तर अजून थोडं. रात्रीला हे मिळून चांगले पैसे होतात आणि ते टिपच्या डब्यात जात नाहीत, सरळ खिशात. काचघराचं स्टेशन मामांनी इतकी वर्षं कोणाला का दिलं नाही त्याचं अर्धं उत्तर इथे होतं.

आणि तब्येतीचा मुद्दा त्यांच्या गळी का उतरत नव्हता तेही कळलं. यातले बरेच जण तंबाखू मळणारे. महाराष्ट्रात हे असंच आहे, २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के मोठे लोक न ओढायचा तंबाखू खाणारे निघाले आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. तर मामा मला म्हणाले, "मी तीस वर्षं तंबाखू खातोय, मला धुराचं काय सांगतोस तू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही फार चांगलं नाही. एवढंच म्हणालो की मामा, तुमचा तंबाखू तुमच्या तोंडात आहे, बारवरच्या पोराच्या छातीत नाही. ते गप्प बसले, पटलं असं नाही.

पर्याय कोणकोणते होते

अण्णांसमोर आम्ही तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, आहे तसं चालू ठेवायचं आणि तपासणीला माणूस आला की बघून घ्यायचं. आजूबाजूचे बहुतेक हेच करत होते. दुसरी, काचघर नियमात बसवायचं. एक्झॉस्टवाल्याला बोलावलं, त्याने भिंती, डक्ट, दरवाजा धरून सव्वादोन लाख सांगितले, आणि एवढं करून तिथे सर्व्हिस नाही म्हणजे चार टेबलांचा धंदा शून्य. शिवाय गिऱ्हाईक आत बसून ग्लास मागणार नाही याची गॅरंटी कोण देणार, परत वेटरच्याच गळ्यात, आणि ती खोली झाडायला मावशीला जावं लागणार ते वेगळंच. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या रिपोर्टात तर स्पष्ट आहे की वेगळं बसवून किंवा हवा खेळवून दुसऱ्याच्या धुराचा धोका पूर्ण जात नाही. तिसरी, आत सगळीकडे बंद, ज्याला ओढायची त्याने जिना उतरून बाहेर मोकळ्यावर.

कॅप्टनने चौथं सुचवलं, गच्ची. पण लायसनमध्ये गच्ची नव्हती आणि कमला मिलनंतर गच्चीचं नाव काढलं तरी अण्णांच्या अंगावर काटा यायचा.

खरी अडचण तिसऱ्या पर्यायाबद्दल नव्हतीच, तो मान्य होण्यासारखा होता. प्रश्न होता तारीख कधीची. अण्णा म्हणत होते १ जुलै. तेव्हा मामांनी, जे बंदीच्या विरोधात होते त्या मामांनी, एक वाक्य टाकलं. "करायचंच आहे तर गटारी होऊ दे. श्रावणात अर्धी गिऱ्हाइकं तशीही येत नाहीत. महिनाभर सवय लागेल, गणपती झाले की बघू." इतकी वर्षं लाइनमध्ये काढलेल्या माणसालाच हे सुचतं. त्या वर्षी अधिक महिन्यामुळे श्रावण उशिरा होता, गटारी ११ ऑगस्टला शनिवारी. आम्ही १३ ऑगस्ट धरला, पहिला श्रावणी सोमवार.

काय काय केलं

सगळ्यात आधी बोर्डावरचं कॅप्टनचं नाव खोडून माझं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. अण्णांनी स्वतःचं टाकायला नकार दिला, यावर आमचं थोडं वाजलं, पण निदान स्टाफचं नाव निघालं.

वेटरला फक्त एक वाक्य दिलं. कोणी पेटवली तर जवळ जाऊन म्हणायचं, "सर, मॅनेजर येतायत हां," आणि तिथून निघायचं. समजवायचं नाही, दुसऱ्यांदा जायचं नाही, थांबायचं नाही. उरलेलं माझं काम. मी नसेन तेव्हा अण्णांचा भाचा. तीन आठवडे मी जिन्याच्या तोंडाशीच उभा राहायचो आणि बसायच्या आधीच सांगायचो, आता वर सिगरेट बंद केलीये, बाहेर खाली बाकडं ठेवलंय, तुमचं टेबल, तुमचा ग्लास जागेवर राहील, कोणी उचलणार नाही. हे शेवटचं महत्त्वाचं निघालं. गिऱ्हाइकाला भीती असते की तो खाली गेला की टेबल जाईल.

टिपसाठी तीन महिने वरच्या मजल्याची सगळी टिप एका डब्यात, रात्री समान वाटणी. मामांना हे आवडलं नाही, पण अण्णांनी त्या तीन महिन्यांसाठी वेटरला महिन्याला थोडी जास्तीची रक्कम कबूल केली म्हणून निभावलं. सिगरेट आणून देणं पूर्ण बंद. अ‍ॅशट्रे गोणीत भरून माळ्यावर. काचघराची पाटी काढून तिथे वाढदिवस-ग्रुपसाठी बुकिंग घ्यायला लागलो.

आणि स्टाफलाही तोच नियम. मागच्या जिन्यात किचनवाले बिडी ओढायचे, तेही बंद. यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. तंदूरवाला म्हणाला दिवसभर भट्टीसमोर मी धूर खातो तो चालतो आणि माझी बिडी चालत नाही? त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. भट्टीवरचा एक्झॉस्ट साफ होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तो त्याच आठवड्यात साफ करून घेतला, नाहीतर त्याला नियम सांगायला मला तोंड नव्हतं.

पुढे काय झालं

पहिल्या दोन आठवड्यांत मला स्वतःला नऊ-दहा वेळा टेबलावर जावं लागलं. दोघांनी बिल फेकून दिलं, एका ग्रुपने समोरच्या बारमध्ये जातो सांगितलं आणि खरंच गेले. अंगावर कोणी आलं नाही. मॅनेजर शर्ट इन करून येतो तेव्हा माणूस वेगळं बोलतो आणि वेटरशी वेगळं, हे मला माहीत होतं, तरी इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. फेब्रुवारीतला तो ग्रुप सप्टेंबरमध्ये परत आला. मी त्यांना जिन्यातच सांगितलं, हेही सांगितलं की त्या पोराला तीन टाके पडले होते. एक जण खाली बघत होता. ते बसले, दोनदा बाहेर जाऊन आले, गेले. हे मी फेब्रुवारीतच करायला हवं होतं, तेव्हा हिंमत झाली नाही.

धंदा श्रावणात तर कमी असतोच. गणपतीनंतर काचघराची जुनी गिऱ्हाइकं सगळी आली नाहीत, पण वर एसीत बायका-पोरं घेऊन येणारी टेबलं दिसायला लागली, आधी ती खालूनच परत जायची किंवा खाली उकाड्यात जेवायची. अण्णांनी मला आकडे कधी दाखवले नाहीत, पण दिवाळीनंतर त्यांनी परत सुरू कर म्हटलं नाही.

बारमन टिकला. खोकला ऑक्टोबरपर्यंत बराच कमी झाला, शिट्टी गेली. बंदीमुळेच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही, औषधंही चालू होती, पण तो स्वतः तसंच म्हणतो.

नोव्हेंबरमध्ये परत चिठ्ठ्या घेतल्या. यावेळी १७ जण होते. १३ जणांनी बंदच ठेवा लिहिलं, एकाने चालू करा, तीन कोऱ्या. 'चालू राहू दे' म्हणणारे आधीचे दोघंतिघं आता टेबलावर वास येत नाही, जिना चढ-उतर वाचली, रात्री लोकलमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडत नाही असं सांगत होते. यातलं आरोग्याबद्दल फारच थोडं, बाकी सगळं रोजच्या जगण्याचं.

ते एक 'चालू करा' मामांचं असणार. त्यांचं नुकसान भरून आलं नाही. तीन महिन्यांनी अण्णांनी जास्तीची रक्कम बंद केली, टिपची समान वाटणीही मोडली, आणि टपरीचे पैसे तर गेलेच होते. डिसेंबरमध्ये मामा दुसऱ्या बारला लागले, जिथे वर अजून सगळं चालायचं. जाताना माझ्याशी नीट बोलले, म्हणाले पोरांचं चांगलं झालं. गटारीची युक्ती त्यांची, आणि ज्याला सगळ्यात जास्त सोसावं लागलं ते पण तेच.

आज परत करायचं झालं तर

मावशीला पहिल्या दिवशी विचारेन. तिला ना मीटिंगला बोलावलं ना चिठ्ठी दिली, आणि बंदीनंतर महिन्याभराने ती स्वतःहून म्हणाली की साहेब, रोज रात्री ते अ‍ॅशट्रे मोरीत धुताना मला मळमळायचं, राखेत पाणी पडलं की तो वास हाताला दोन दिवस राहायचा, तुम्हाला सांगणार कोण? आम्ही १८ जणांची मतं मोजत होतो आणि ११ टेबलांची राख जिच्या हातातून जायची ती त्या १८ मध्ये नव्हतीच.

टिपचा तोटा तीन महिन्यांवर सोडणार नाही. निदान एक वर्षाचं लेखी घेईन मालकाकडून, नाहीतर सुरूच करणार नाही. बंदीचा फायदा सगळ्यांना आणि खर्च एकट्या काचघरवाल्या वेटरला, हे बरोबर नव्हतं, आणि मला ते तेव्हा दिसत होतं.

हात वर करून मत कधीच घेणार नाही, मालकासमोर तर नाहीच. फेब्रुवारीतल्या मीटिंगमधला तो 'बोलेगा कौन' जर मी आक्षेप म्हणून न ऐकता प्रश्न म्हणून ऐकला असता तर बाकी सगळं तिथेच सुचलं असतं, कारण तो साधा कामाचा प्रश्न होता. वेटर धुराच्या बाजूने कधीच नव्हते.

आणि मार खाल्लेल्या माणसाच्या बाजूने त्याच रात्री उभा राहीन. पोलिसात जाऊ की नको हे त्याला विचारेन, अण्णांना नाही. त्याला मी नंतर फोन केला होता, पनवेलला लागला होता कामाला. बंदी झाली सांगितलं. तो म्हणाला, अच्छा हुआ साब, आणि मग विचारलं, अब कौन बोलता है कस्टमर को? मी म्हटलं, मी. तो बरं म्हणाला आणि आपल्या आईच्या तब्येतीबद्दल सांगायला लागला.

२०२० मध्ये मी ते हॉटेल सोडलं. बोर्डावर अजून माझंच नाव आणि नंबर आहे, महिन्याकाठी एखादा फोन येतोच, वरच्या तिसऱ्या टेबलावर कोणीतरी ओढतंय म्हणून. मी नव्या मॅनेजरला कळवतो. बोर्ड बदला असं त्याला दोनदा सांगून झालंय, आणि बदलताना वेटरचं नाव टाकू नका हेही.